रविवारचा हिब्रू वर्ग : नातवंडांना घालावं का?

आधीच सांगते, वर्गाचं नाव आणि पत्ता मी इथे लिहिणार नाही. २००८ च्या मुंबईवरच्या हल्ल्यापासून आपल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, समाजात ती शिस्त पडली आहे आणि ती बरी आहे. भायखळा ते सात रस्ता या पट्ट्यात आपली जी प्रार्थनालयं आहेत, त्यांच्या आसपास कुठेतरी, एवढं पुरे. ज्यांना मुलं घालायची असतील त्यांनी आपापल्या हजानना, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्यांना, विचारावं, ते नंबर देतील. मी लिहितेय ते ठाणे, कळवा, कुर्ल्याच्या त्या आईबापांसाठी, जे शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या पवित्र दिवसाच्या, प्रार्थनेनंतर मला पायरीवर गाठतात आणि विचारतात, "आंटी, तुमची दोघं जातात ना? कसा आहे वर्ग? रविवारची झोप मोडून एवढ्या लांब नेण्यासारखा आहे का?"

आहे. पण त्यात एक खोट आहे. मी जन्मभर पालिकेच्या मराठी शाळेत पहिली-दुसरी शिकवलेली बाई, त्यामुळे ती खोट मला दर रविवारी भातातल्या खड्यासारखी दाताखाली येते. तिच्याबद्दल पुढे लिहिते, जरा सविस्तरच.

वर्ग नऊ ते साडेअकरा. शनिवारी का नाही, असं माझ्या शेजारणीने विचारलं होतं. शब्बाथला लिहायचं नाही, पेन्सिल हातात धरायची नाही, मग वर्ग कसला घेणार? शिवाय निम्म्या मुलांच्या इंग्रजी शाळांच्या चाचण्या नेमक्या शनिवारी असतात, तो वेगळाच वाद. म्हणून रविवार.

दारात हवालदार बसलेला असतो. आत रजिस्टर. पहिल्यांदा जाणार असाल तर आदल्या दिवसापर्यंत फोन करून नाव कळवा आणि आधार कार्ड बरोबर ठेवा. कळवलं नसेल तर दारातून परत पाठवतात, मग तुम्ही कोणाचे कोण का असेनात. एका गृहस्थांनी आपल्या आजोबांचं नाव आतल्या संगमरवरी पाटीवर आहे म्हणून बराच वाद घातला. पाटी तिथेच राहिली आणि गृहस्थ रस्त्यावर. मला ते आवडलं. नियम आहे तर सगळ्यांना आहे.

आता त्या सकाळबद्दल. मी सांगतेय ती रोश हशानाच्या, म्हणजे आपल्या नव्या वर्षाच्या, आधीच्या रविवारची. वर्ग कसा चालतो हे पाहायचं असेल तर तोच दिवस पाहावा, कारण एरवी न येणारी मुलंही त्या दिवशी येतात आणि सगळं एकदम चाललेलं असतं. बाहेर गल्लीत नवरात्राच्या मंडपाचे बांबू पडलेले. आपलं नवं वर्ष आणि घटस्थापना बहुतेक वेळा मागेपुढेच येतात. दोन्ही भाद्रपद अमावास्येनंतरचे दिवस. आपल्या पंचांगातही एकोणीस वर्षांत सात अधिक महिने असतात, फरक इतकाच की आपला अधिक महिना नेहमी अदारच. माझ्या नातीला हे तिथल्या मुलांसमोर फळ्यावर मांडून दाखवायला लावलं होतं. अधिक महिना तिला शाळेतल्या मराठीच्या बाईंनी आधीच समजावला होता, त्यामुळे तिचं काम अर्ध्यावर आलं.

एकच दिवाणखान्याएवढा हॉल आणि त्यात तीन गट. खिडकीपाशी चार ते सहा वर्षांची पिल्लं सतरंजीवर, मध्ये सात ते दहा-अकराची, आणि पंख्याखालच्या टेबलाशी मोठी, म्हणजे ज्यांचं बार मित्झ्वा किंवा बात मित्झ्वा (मुलगा किंवा मुलगी धर्माच्या दृष्टीने जाणती झाल्याचा विधी) तोंडावर आलंय अशी. खिडकीपाशी आलेफ-बेथचं, म्हणजे हिब्रू मुळाक्षरांचं, गाणं, मध्ये प्रश्नोत्तरं, आणि टेबलाशी एक मुलगा शोफार फुंकायला शिकत होता. शोफार म्हणजे मेंढ्याचं शिंग, रोश हशानाला फुंकायचं. त्यातून आधी नुसती हवाच येते. मग अचानक एक ओरडा. खालच्या दुकानातला माणूस वर येऊन काय झालं म्हणून विचारून गेला. शिकवणारे अंकल निवांत. "तेकिया लांब, एका श्वासात. शेवारीम तीन तुकडे. तेरुआ बारीक, नऊ. तू जे केलंस ते यांपैकी काहीच नाही. परत कर." मुलगा लालबुंद. चौथ्या-पाचव्या खेपेला त्याने जो सूर काढला, त्याने खिडकीपाशी गाणारी पोरं गप्प झाली.

तीन गट एका खोलीत, हे कागदावर चुकीचंच आहे. जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेची आठवण येते. पण लहानांचे कान सारखे मोठ्यांकडे असतात, आणि माझा सात वर्षांचा नातू शोफारचे तीन सूर ऐकूनच शिकून आला. घरी दोन दिवस तो पाण्याच्या पाइपातून तेकिया काढत होता. तेव्हा या बाबतीत मी तक्रार नोंदवत नाही.

त्या दिवसाचा सगळ्यात चांगला धडा मधल्या गटाचा. त्यांना शिकवणारी मोरा, म्हणजे बाई, तिशीच्या आतली मुलगी आहे, आठवडाभर कुठल्याशा ऑफिसात नोकरी करते, काही महिने इस्रायलला राहून आली आहे. बोलते मराठीच, मध्येच हिंदी, मध्येच इंग्रजी, आपली मुलं बोलतात तशी. तिने टेबलावर खजूर, डाळिंब, सफरचंद, नारळाचे तुकडे, लाल भोपळ्याची फोड, उकडलेली चवळी, काकडी, अननस आणि केळी मांडली. जमिनीवर दोन चादरी टाकल्या. एक झाडाच्या फळांची, म्हणजे "बोरे पेरी हाएत्झ". दुसरी जमिनीतून येणाऱ्यांची, "बोरे पेरी हाअदामा". प्रत्येकाने एक वस्तू उचलायची, आपल्या चादरीवर जाऊन उभं राहायचं, ब्राखा, म्हणजे खाण्याआधीचा आशीर्वाद, म्हणायची आणि मग खायचं. चुकीच्या चादरीवर गेलेल्याने खायचं नाही, परत रांगेत.

खजूरवाले, डाळिंबवाले बरोबर गेले. भोपळा, काकडी, चवळी बरोबर. केळंवाले तिघेही ऐटीत झाडाच्या चादरीवर. मोराने त्यांना विचारलं, केळीचा घड उतरवला की बुंध्याचं काय करतात? दोघं भिंतीकडे बघायला लागले. टॉवरमधली मुलं, त्यांना केळं गाडीवर उगवतं. माझी नात म्हणाली, "कापतात. रेवदंड्याच्या वाडीत मामा कोयत्याने कापतो. मग बाजूने पिल्लू येतं." म्हणजे दरवर्षी तेच खोड राहून फळ देतं का? नाही. म्हणून आपल्या नियमात केळ हे झाड नाही, आणि केळ्यावरची ब्राखा जमिनीची. अननसाचंही तसंच. एका वडिलांनी मागून विचारलं, पपईचं काय? मोरा हसली आणि म्हणाली, पपईवर रब्बींचंच एकमत नाही, बरेच जण जमिनीची म्हणतात, तुम्ही घरी तुमच्या वडिलांना काय म्हणताना ऐकलंत ते सांगा. ते बिचारे गप्प. मला ही मुलगी त्या क्षणी आवडली. मी शाळा तपासायला गेले असते तर शेरा लिहिला असता.

कारण पुढचं पाऊल तिने बरोबर टाकलं. तिने मलिद्याचं ताट विचारलं. आपल्या घरातल्या प्रत्येक मुलाने मलिदा खाल्लेला असतो; लग्न, बारसं, नवस, कोणी परदेशी जायला निघालं, काहीही असो, एलियाहू हनाबीच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या, नावाने ताट होतंच. त्यात काय काय असतं? भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, वरून फळं, आणि सब्जाची पानं. मग पोह्यांवर कुठली ब्राखा? ते ना फळ, ना भाजी. तांदळाचे आहेत, म्हणून "मेझोनोत", धान्याच्या पदार्थांची. सब्जा तर खायचाच नाही, त्याचा वास घ्यायचा, त्याची ब्राखा आणखी वेगळी. एका ताटात चार प्रकारचे आशीर्वाद. आपण मोठी माणसं तो मलिदा वर्षानुवर्षं खातोय आणि हजान काय म्हणतात त्यावर "आमेन" म्हणून मोकळे होतोय. त्या सकाळी दहा-बारा पोरांना ते ताट उलगडून कळलं. एवढ्या एका धड्यासाठी मी ठाण्याहून पुन्हा जाईन.

आता खोट.

या वर्गात हिब्रू वाचायला शिकवत नाहीत. म्हणजे शिकवतो असं म्हणतात, पण शिकवत नाहीत. अक्षरं बावीस. ती गाण्यातून आलेफ, बेथ, गिमेल, दालेत अशी क्रमाने पाठ करून घेतात, भिंतीवरच्या तक्त्यावर बोट फिरवतात, आणि मग एकदम प्रार्थनेचा कागद हातात. मधली पायरीच नाही. गाण्यात अक्षर ओळखणारं मूल ओळीत तेच अक्षर आलं की गडबडतं. बरं, एका सकाळी बेथ आणि काफ जोडीने घेतले. हे दोघं दिसायला सख्खे भाऊ. दालेत-रेश तसेच, हे-हेथ तसेच. आम्ही शाळेत घ आणि ध कधी एका आठवड्यात घेत नव्हतो. आणि बाराखडीच्या क्रमानेही सुरू करत नव्हतो. ग म भ न का घेतो आपण पहिल्यांदा? लिहायला सोपी, आणि लगेच शब्द होतात. मूल पहिल्याच आठवड्यात "गमन" नाही तरी "मन" वाचतं, आणि वाचता आलं की त्याला जोर चढतो.

हिब्रूतही ते करता येतं. मी मोराला वहीच्या कागदावर लिहून दिलंय. पहिल्यांदा शीन, मेम, आयिन घ्या. तीन अक्षरांत "शमा" झाला, आपल्या मुख्य प्रार्थनेचा पहिला शब्द. मग योद, रेश, आलेफ, लामेद. शीनचाच ठिपका डावीकडे नेला की सीन. सात अक्षरांत "शमा इस्राएल" पूर्ण. जे शब्द मूल रोज रात्री डोळ्यांवर उजवा हात ठेवून म्हणतं, ते त्याला पहिल्या महिन्यात स्वतःच्या डोळ्यांनी वाचता येतील. तिने कागद घेतला, थँक्यू आंटी म्हणाली, आणि पुढच्या रविवारी पुन्हा आलेफ-बेथचं गाणं. असो.

पण त्याहून मोठा राग माझा त्या प्रार्थनेच्या कागदावर आहे. कागदावर वर हिब्रू आणि खाली रोमन लिपीत उच्चार. परदेशातून कुठूनतरी छापून आलेला किंवा इंटरनेटवरून उतरवलेला. त्यात "एहाद" (म्हणजे एक) हा एचाद असा दिसतो आणि "बारूख" हा बरूच. आपली पोरं इंग्रजी शाळेतली, ती अगदी इमानदारीने "एचाद" म्हणतात. त्यांचा काय दोष? सी-एचचा उच्चार त्यांना शाळेत च शिकवलाय. मोरा दर वेळी दुरुस्त करते, मुलं दर वेळी कागद बघून परत तेच वाचतात.

देवनागरी काय वाईट होती? "एहाद" लिहा, मूल एहादच वाचेल. ख आहे, ह आहे, त्स आहे, ऱ्हस्व-दीर्घ आहे. २०२० च्या कायद्यापासून महाराष्ट्रातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची आहे, म्हणजे कुठल्याही माध्यमातलं सात वर्षांचं मूल देवनागरी वाचतं. आणि हे काही मी नवीन काढलेलं नाही. जॉन विल्सन मिशनरी होते, त्यांचा हेतू वेगळा होता, पण १८३२ साली त्यांनी आपल्या लोकांसाठी हिब्रूचं व्याकरण मराठीत लिहिलं, कारण आपल्याला कळायची ती हीच भाषा. १८४६ साली मुंबईत शिळाछापावर हिब्रू-मराठी हगादा, म्हणजे वल्हांडण सणाच्या रात्री वाचायचं पुस्तक, निघाली. १८७४ च्या पुण्याच्या हगादेतल्या चित्रांत बायका आपल्याकडच्या पोशाखात जमिनीवर बसून मत्झा, म्हणजे बिनखमिराची भाकरी, करतायत. जोसेफ एझेकिएल राजपूरकरांनी प्रार्थनांची किती पुस्तकं मराठीत आणली. माझ्या आजीच्या ट्रंकेत त्यातलं एक होतं, उजव्या पानावर हिब्रू आणि समोर मराठी, पानांना कापराचा वास. ज्या समाजाने हे दीडशे वर्षांपूर्वी करून ठेवलंय, त्याच्या पोरांना भायखळ्यात बसून "बरूच" वाचावं लागतं!

एक अडचण मान्य करते. हिब्रू उजवीकडून डावीकडे आणि आपली लिपी डावीकडून उजवीकडे, त्यामुळे ओळीखाली ओळ लिहिली की मुलाची दोन बोटं दोन दिशांना जातात. उपाय सोपा आहे. प्रत्येक शब्दाला वेगळी चौकट करा, वर हिब्रू शब्द, खाली देवनागरी, आणि चौकटी उजवीकडून मांडा. मी नातीला शमाची पहिली ओळ तशी करून दिली, जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला. तिने ती वर्गात नेली आणि तीन मुलींनी फोनवर फोटो काढून घेतला. आता तो ग्रुपवर फिरतोय असं ऐकते. ग्रुपबद्दल मात्र न बोललेलं बरं. उद्या मध आणा, उद्या मध आणू नका, असे दोन्ही निरोप शनिवारी रात्री साडेअकराला येतात.

मोठ्यांचा गट मात्र डोळे मिटून चांगला. ते अंकल सत्तरीचे, कोणाचं काही ऐकून घेत नाहीत आणि पराशा, म्हणजे आपल्या धर्मग्रंथाचा, तोराचा, त्या आठवड्याचा भाग, आपल्या चालीत म्हणायला शिकवतात. एक मुलगा कुठलासा व्हिडिओ ऐकून पाठ करून आला होता, आवाज छान, सूर पक्का. अंकलनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "फार सुंदर. आता तुझे पणजोबा म्हणायचे तसं म्हण." मग दोघं मिळून बसले, ओळ ओळ करत. त्याच अंकलनी मधल्या गटाला सेफेर तोराच्या, म्हणजे हाताने लिहिलेल्या तोराच्या गुंडाळीच्या, एका छायाचित्रात दाखवलं की "शमा"च्या ओळीत दोन अक्षरं मोठी काढलेली असतात, शमाचा आयिन आणि एहादचा दालेत. दालेत मोठा का? कोणी तो रेश वाचला तर "एक" च्या जागी "दुसरा" होईल, आणि देवाच्या बाबतीत ती चूक परवडणारी नाही. बेथ-काफ-दालेत-रेशचा जो घोळ गाण्याने महिनोन्‌महिने सुटला नव्हता, त्यातला अर्धा त्या एका छायाचित्राने सुटला. माझ्या नातवाने घरी येऊन वर्तमानपत्रातल्या एका जाहिरातीतला "द" मार्करने मोठा केला.

लहानांचं फारसं लिहीत नाही. गातात, रंगवतात, चमकी लावलेली शुभेच्छापत्रं करतात. चमकी जरा कमी केली तर बरं, ती घरी सोफ्यावर हिवाळ्यातल्या हनुक्का सणापर्यंत निघते.

खाणं: डबा घरून, फक्त शाकाहारी, म्हणजे दूध आणि मांस एकत्र न करण्याचा प्रश्नच उरत नाही. त्या दिवशी कोणीतरी चिकाचा हलवा करून आणला होता, नारळाच्या दुधातला, वड्या व्यवस्थित पडलेल्या. गव्हाचा चीक तीन दिवस काढायला आजकाल कोणाला वेळ आहे, म्हणून मी मुद्दाम विचारलं. तयार पावडर नाही, चीकच काढलेला. त्या बाईंचं नाव इथे देता येत नाही, नाहीतर त्यांना ऑर्डरी सुरू होतील. फी नाममात्र आहे, आणि एखाद्याला तीही जड असेल तर कोणी विचारत नाही. टॉयलेट स्वच्छ. जिना मात्र उंच आणि अंधारा, माझ्या वयाच्यांनी कठडा धरूनच चढावं.

काही जण म्हणतात, यासाठी वेगळा वर्ग कशाला, आपल्या शाळा होत्या ना. होत्या. आपल्याच समाजाच्या हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८७५ मध्ये सुरू केलेली शाळा आज माझगावात सर एली कदुरींच्या नावाने उभी आहे, आणि माझी आई तिथेच हिब्रू शिकली. पण १९४८ नंतर आपली माणसं इस्रायलला जात राहिली आणि आज मुंबई-ठाण्यात आपण काही हजारच उरलो. आता त्या शाळेत बहुतेक मुलं इतर समाजांची आहेत, चांगली शिकतायत. आपली मुलं एका शाळेत वर्गभर भरतील एवढीही नाहीत. दर रविवारी एका हॉलमध्ये वीस-बावीस जमतात तेच पुष्कळ. आणि तिथे मुलांना निदान आपलं नाव दोनदा सांगावं लागत नाही. माझ्या नातवाला शाळेत सगळे ख्रिश्चनच समजतात.

तेव्हा चार ते अकरा वर्षांची मुलं असतील तर घाला, पण वाचनाची जबाबदारी वर्गावर सोडू नका, घरी रोज दहा मिनिटं स्वतः बसा. बार मित्झ्वाची तयारी करायची असेल तर बाराव्या वर्षाची वाट न बघता अकराव्यातच अंकलच्या टेबलाशी बसवा. ज्यांना मूल बोलायला यावं अशी इस्रायली हिब्रू हवी आहे, म्हणजे पुढे तिकडे जायचं ठरलंय, त्यांनी दुसरा मार्ग बघावा, हे ते ठिकाण नाही.

सणांमुळे मध्ये सुट्टी आहे, सिम्हात तोरा हा शेवटचा सण झाल्यावर नवीन मुलं घेतात. ठाणेकरांनो, रविवारी मेगाब्लॉक साधारण अकराला सुरू होतो आणि वर्ग साडेअकराला सुटतो. माटुंगा-मुलुंडचा ब्लॉक असेल तर धीम्या गाड्या जलद मार्गावरून वळवतात, मधल्या काही स्टेशनांवर थांबत नाहीत आणि डब्यात मुंगी शिरायला जागा नसते. मुलांना पाणी आणि काहीतरी खायला बरोबर ठेवा. आणि कोणी वर्गात देवनागरी कागदाचा विषय काढणार असेल तर मला आधी सांगा, मी येते बरोबर.